संचालक मंडळासमोर गुंतवणुकीचा प्रस्ताव : सल्लागार संस्थांच्या पद्धतीने सादरीकरण कसे बांधावे?

ओतशाळा

नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता विभाग सांभाळते. आमच्याकडे रेझिन (वाळूचे कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) मिसळलेल्या वाळूचे साचे वापरले जातात. ओतकाम झाल्यावर साचा फोडून निघालेली वाळू आज बहुतांशी टाकून दिली जाते आणि तेवढीच नवी सिलिका वाळू सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरातून मागवावी लागते. ही वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा रिक्लमेशन प्लांट बसवावा, असा प्रस्ताव मला पुढच्या महिन्यात संचालक मंडळासमोर मांडायचा आहे.

मंडळात कंपनी उभी करणारे थोरले साहेब, पुढच्या पिढीतील दोन संचालक आणि बाहेरचे एक सनदी लेखापाल आहेत. मला वीस मिनिटे मिळणार आहेत. माझ्याकडे प्रयोगशाळेचे अहवाल, रिजेक्शनची (नापास ठरलेल्या मालाची) आकडेवारी, तीन पुरवठादारांची कोटेशने आणि प्रक्रियेची छायाचित्रे असे भरपूर साहित्य आहे. त्यातून चाळीसहून अधिक स्लाइडचे एक सादरीकरण तयार झाले आहे. त्याची सुरुवात वाळूच्या प्रकारांपासून होते आणि शेवट किमतींच्या तक्त्याने होतो.

पुण्यातील एका सल्लागार संस्थेत काम केलेल्या स्नेह्यांनी ते पाहून सांगितले की क्रमच उलटा करा, उत्तर आधी सांगा. त्या संस्था अशी सादरीकरणे नेमकी कशी बांधतात, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय ज्यांनी पन्नास वर्षे भट्टीजवळ काढली, त्या ज्येष्ठांसमोर पहिल्याच वाक्यात निष्कर्ष ठेवणे उद्धटपणाचे तर वाटणार नाही ना, अशीही शंका आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मांडणी_पुणे

ओतशाळा ताई, मी काही वर्षे सल्लागार क्षेत्रातच काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम संगणक बंद ठेवून एकच वाक्य कागदावर लिहा : ही वीस मिनिटे संपल्यावर मंडळाने काय करावे, अशी आपली अपेक्षा आहे? ‘वाळूच्या पुनर्वापराविषयी माहिती देणे’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण माहिती ऐकून मंडळ ‘विचार करू’ म्हणून उठू शकते. ‘अमुक रकमेच्या प्लांटला तत्त्वतः मंजुरी द्यावी आणि आपली वाळू पुरवठादाराकडे चाचणीसाठी पाठवण्याची परवानगी याच बैठकीत द्यावी’ असे वाक्य हवे. ते लिहून झाले की चाळीसपैकी कोणत्या स्लाइड त्या निर्णयासाठी लागतात आणि कोणत्या केवळ आपण केलेले काम दाखवण्यासाठी आहेत, हे आपोआप दिसू लागते.

उत्तर आधी सांगण्याच्या या रीतीला पिरॅमिडची रीत म्हणतात. १९६३ साली मॅकिन्झी या सल्लागार संस्थेत रुजू झालेल्या बार्बरा मिंटो यांनी तिला व्यवस्थित रूप दिले. शिखरावर एक मुख्य विधान असते, त्याखाली ते विधान खरे का आहे हे सांगणारी तीन-चार कारणे आणि प्रत्येक कारणाखाली त्याचा पुरावा. वाचणारा विधान वाचतो, त्याच्या मनात ‘का?’ हा प्रश्न येतो आणि खालची पातळी त्याला उत्तर देते. कारणे एकमेकांत मिसळू नयेत आणि सगळी मिळून विधान पेलण्यास पुरेशी असावीत, एवढी दक्षता घ्यायची असते.

आपल्या प्रस्तावात मला तीन कारणे दिसतात. या गुंतवणुकीचा पैसा वाजवी काळात परत येतो. पुनर्वापराच्या वाळूने कास्टिंगची, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागाची, प्रत बिघडत नाही. आणि जागा, वीज, माणसे व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटी यांचा विचार करता हा प्लांट आपल्याला खरोखर चालवता येतो. पहिले कारण लेखापालांसाठी महत्त्वाचे आहे, परंतु निर्णय बहुधा दुसऱ्यावर अडेल. जुन्या वाळूला चिकटून राहिलेल्या रेझिनमुळे वायू सुटतील आणि ब्लोहोल (वायू अडकून कास्टिंगमध्ये राहणाऱ्या पोकळ्या) वाढतील, ही भीती फौंड्रीतल्या प्रत्येक अनुभवी माणसाच्या मनात असते आणि ती निराधार नाही. म्हणून या भागाला सर्वाधिक जागा द्या. वाळू तापवल्यावर जळून जाणाऱ्या अंशाचे, म्हणजे एलओआयचे, अहवाल आपल्याच प्रयोगशाळेचे आहेत. ही बाजू आपल्याइतक्या अधिकाराने तिथे कोणीच मांडू शकणार नाही.

सुरुवात मात्र थेट विधानाने करण्याआधी तीन लहान वाक्यांची असू द्या. सर्वांना मान्य असलेली परिस्थिती, तिच्यात आलेली अडचण, त्यातून उभा राहणारा प्रश्न, आणि मग उत्तर. उदाहरणार्थ : ‘आपले साचे बहुतांशी नव्या वाळूवर अवलंबून आहेत. वाळूची खरेदी आणि वापरलेल्या वाळूची विल्हेवाट या दोन्हींचा खर्च वाढतो आहे. कास्टिंगच्या प्रतीला धक्का न लावता हा खर्च कमी करता येईल का? येईल, त्यासाठी रिक्लमेशन प्लांट बसवावा, अशी आमची शिफारस आहे.’ यात उद्धटपणा कुठेच नाही. ज्येष्ठांना जे आधीच ठाऊक आहे तिथून आपण निघतो आणि अर्ध्या मिनिटात मुद्द्यावर येतो.

यानंतरचे काम म्हणजे केवळ शीर्षकांची कथा लिहिणे, आणि बहुतेक जण ते टाळतात. प्रत्येक स्लाइडचे शीर्षक हे पूर्ण वाक्य असले पाहिजे आणि त्या वाक्याने काहीतरी ठाम सांगितले पाहिजे. ‘एलओआय विश्लेषण’ हे शीर्षक नाही, ते फाइलवरचे लेबल आहे. ‘चाचणीच्या सर्व नमुन्यांत पुनर्वापरित वाळूचा एलओआय आपल्या मर्यादेच्या आत राहिला’ हे शीर्षक आहे. पुढचे शीर्षक असे असू शकेल : ‘त्या वाळूने केलेल्या कास्टिंगमध्ये ब्लोहोलचे प्रमाण नव्या वाळूइतकेच आहे’. त्यापुढे : ‘कोअरसाठी मात्र नवी वाळूच वापरणे सुरक्षित ठरेल’ (कोअर म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणारा वाळूचा भाग). हे तिसरे वाक्य खरे असेल तर अवश्य ठेवा, कारण प्रस्तावाची मर्यादा आपणहून सांगणाऱ्या माणसाच्या बाकीच्या विधानांवर मंडळ अधिक विश्वास ठेवते.

अशी आठ-दहा शीर्षके एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि फौंड्रीशी संबंध नसलेल्या कोणाला तरी वाचायला द्या. त्या माणसाला केवळ तेवढ्यावरून प्रस्ताव समजला तर आडवा धागा जुळला. मग उभी तपासणी करा : प्रत्येक स्लाइडच्या पोटात जे आहे ते शीर्षकातील विधान सिद्ध करते का, आणि त्याव्यतिरिक्त तिथे काही उरले आहे का? जे उरते ते परिशिष्टात जाते. आलेख काढण्याआधी कागदावर चौकटी आखून ‘इथे स्तंभालेख, डावीकडे नवी वाळू, उजवीकडे पुनर्वापरित’ अशी कच्ची रेखाटने करण्याची सवय सल्लागार संस्थांत असते. तिचा फायदा असा की कोणता आकडा आपल्याकडे अजून नाही, ते बैठकीच्या आदल्या रात्री कळण्याऐवजी तीन आठवडे आधी कळते.

जुना_कर्जविभाग

मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून असे पुष्कळ प्रस्ताव ऐकले आहेत, म्हणून वरील प्रतिसादाशी सहमती दर्शवूनही एका बाबतीत वेगळे मत मांडतो.

उत्तर आधी सांगावे हे ऐकणारा तटस्थ असेल तेव्हा योग्यच आहे. ऐकणाऱ्याचा विरोध आधीपासून ठरलेला असेल, तर पहिल्याच स्लाइडवर रक्कम दिसली की तो पुढचे ऐकत नाही, मनात हरकती गोळा करू लागतो. अशा वेळी आजच्या पद्धतीचा खर्च आधी पूर्णपणे मान्य करून घ्यावा. वाळूची खरेदी, गाडीभाडे, विल्हेवाट आणि पावसाळ्यात ओल्या वाळूमुळे होणारा खोळंबा हे सगळे एका आकड्यात बांधावे, आणि तो आकडा मंडळाने खरा मानल्यावरच उपायाकडे जावे. ‘काहीही न करणे’ हासुद्धा एक पर्याय आहे आणि त्यालाही किंमत आहे, हे लोकांच्या सहसा लक्षात येत नाही.

आता पैशांविषयी. ताईंनी त्यांचे आकडे दिलेले नाहीत आणि देऊही नयेत, म्हणून मी केवळ पद्धत दाखवण्यासाठी कल्पित आकडे घेतो. समजा, महिन्याला ३०० टन नवी वाळू लागते. ती कारखान्यात पोहोचेपर्यंत टनाला २,५०० रुपये पडतात आणि वापरलेली वाळू टाकण्यासाठी टनाला ५०० रुपये जातात. म्हणजे आजचा मासिक खर्च ९ लाख रुपये. प्लांटमुळे ८० टक्के, म्हणजे २४० टन वाळू परत मिळाली, तर खरेदीत ६ लाख आणि विल्हेवाटीत १ लाख २० हजार वाचतील. प्लांट चालवण्याचा खर्च टनाला ७०० रुपये धरला तर १ लाख ६८ हजार वाढतील. निव्वळ बचत महिन्याला ५ लाख ५२ हजार रुपये. प्लांटची किंमत १ कोटी ६० लाख असेल, तर पैसा सुमारे २९ महिन्यांत परत येतो.

एवढ्यावर बहुतेक सादरीकरणे थांबतात आणि आमच्यासारखे लोक तिथूनच प्रश्न विचारायला सुरुवात करतात. परतीचे प्रमाण ८० ऐवजी ६५ टक्केच निघाले तर? मग मासिक बचत ४ लाख ४८ हजारांवर येते आणि परतफेडीला ३६ महिने लागतात. प्रमाण ठीक राहिले पण मागणी घटून उत्पादन २० टक्क्यांनी कमी झाले तर? तरीही साधारण ३६ महिने. दोन्ही एकाच वेळी घडले तर ४५ महिने. वाळूचा खरेदी भाव १० टक्क्यांनी उतरला तर ३३ महिन्यांच्या आसपास. यावरून मंडळाला कळते की या प्रस्तावाचा जोर केवळ वाळूच्या भावावर नाही. परतीचे प्रमाण आणि उत्पादनाचा भार या दोन गोष्टींवरही तो तितकाच आहे. आता चर्चा कशावर व्हायला हवी, हे त्याच स्लाइडने ठरवून दिले.

यात कर्जाचे व्याज, घसारा, कर आणि प्लांट कमी भाराने चालला तरी न घटणारा स्थिर खर्च धरलेला नाही. लेखापाल ते विचारतीलच, म्हणून तो सविस्तर तक्ता परिशिष्टात तयार ठेवा. कोणता आकडा मोजलेला आहे, कोणता पुरवठादाराने सांगितलेला आहे आणि कोणता आपला अंदाज आहे, हे प्रत्येक गृहीतकासमोर लिहिलेले असावे. ज्या प्रस्तावात हा भेद स्पष्ट केलेला असे, त्याच्या छाननीत मला नेहमीच कमी वेळ लागत असे.

आलेख_आणि_अक्ष

वरील आकडेमोड पडद्यावर तक्त्याच्या रूपाने दाखवू नये. ९ लाखांवरून आपण कुठे पोहोचतो, हा प्रवास पायऱ्यांच्या आलेखाने, ज्याला वॉटरफॉल चार्ट म्हणतात, फार स्वच्छ दिसतो. पहिला पूर्ण स्तंभ ९ लाखांचा, त्यातून ६ लाखांची आणि १ लाख २० हजारांची अशा दोन पायऱ्या खाली, मग १ लाख ६८ हजारांची एक पायरी वर, आणि शेवटी ३ लाख ४८ हजारांचा पूर्ण स्तंभ. प्लांट चालवण्याचा खर्च वर जाणाऱ्या पायरीने वेगळ्या रंगात दाखवला, की आपण तो लपवलेला नाही हे न बोलताच सिद्ध होते.

आलेखाचा प्रकार दिसायला आकर्षक आहे म्हणून निवडू नये, शीर्षकातील वाक्याने तो निवडावा. वाक्य तुलनेचे असेल तर आडवे किंवा उभे स्तंभ, काळानुसार बदलाचे असेल तर रेषा, दोन गोष्टींच्या संबंधाचे असेल तर बिंदूंचा आलेख. पाय चार्टपासून, म्हणजे वर्तुळाचे तुकडे दाखवणाऱ्या आलेखापासून, शक्यतो दूर राहावे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली प्रयोगांतून दाखवले होते की एकाच पट्टीवरील स्थानांची तुलना माणसाची नजर अचूक करते, कोन आणि क्षेत्रफळ यांची तुलना करताना मात्र ती बरीच चुकते.

ताईंच्या विषयात मला सर्वांत मोलाचा वाटणारा आलेख म्हणजे एलओआय आणि ब्लोहोलमुळे झालेले रिजेक्शन यांचा बिंदूंचा आलेख. इथे एक गंभीर उदाहरण सांगावेसे वाटते. चॅलेंजर हे अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीमुळे रॉकेटचे सांधे घट्ट बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग निकामी होऊ शकतात असे सांगून उड्डाणाला विरोध केला होता, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. ते डावलण्याची जबाबदारी व्यवस्थापनाचीच होती. तरीही नंतरच्या चौकशीत एक गोष्ट पुढे आली. तापमानाचा विचार करताना ज्या उड्डाणांत ओ-रिंगला इजा झाली होती, त्यांच्याकडेच पाहिले गेले. इजा न झालेली उड्डाणे बाजूला राहिली. सगळी एकत्र मांडल्यावर चित्र बदलले : ६१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानात झालेल्या २१ उड्डाणांपैकी फक्त ४ उड्डाणांत इजेच्या खुणा होत्या, आणि त्याहून कमी तापमानातील प्रत्येक उड्डाणात त्या होत्या.

म्हणून आपल्या आलेखात केवळ बिघडलेल्या कास्टिंगचे बिंदू घेऊ नका. ज्या बॅचमध्ये एकही ब्लोहोल आला नाही, त्याही त्याच आलेखावर असू द्या, आणि एलओआयची मान्य मर्यादा एका उभ्या रेषेने दाखवा. रेषेच्या कोणत्या बाजूला काय घडते, हे फौंड्रीतल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही.

रंग दोनच वापरा : बोलायचा मुद्दा एका ठळक रंगात आणि बाकी सगळे राखाडी. आकडे स्तंभांवरच लिहा, म्हणजे रंगसूचीकडे नजर वळवावी लागत नाही. प्रत्येक आलेखाखाली आकड्यांचा उगम आणि कालावधी लहान अक्षरांत द्या.

ओतशाळा

तिन्ही प्रतिसादांसाठी मनःपूर्वक आभार. शीर्षकांची कथा लिहायला घेतली आहे. मूळ चाळीसपैकी बहुतेक स्लाइड परिशिष्टात जातील असे दिसते.

दोन अडचणी अजून आहेत. पहिली अशी की काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने एक महागडे यंत्र घेतले होते. पुरवठादाराने सांगितलेली क्षमता प्रत्यक्षात कधीच मिळाली नाही आणि ते यंत्र आज झाकून ठेवलेले आहे. थोरले साहेब कोणत्याही नव्या यंत्राचे नाव निघाले की त्याची आठवण काढतात. हा विषय मी स्वतः काढावा की निघाला तर उत्तर द्यावे? दुसरी अडचण भाषेची. कोटेशने आणि अहवाल इंग्रजीत आहेत, बैठक मात्र पूर्णपणे मराठीत चालते.

मांडणी_पुणे

जुन्या यंत्राचा विषय आपणच काढा, आणि तोही लवकर. खोलीतील प्रत्येकाच्या मनात जी हरकत आहे तिचा उल्लेख सादरीकरणात नसेल, तर बाकीचे सगळे ऐकताना लोक त्या हरकतीचीच वाट पाहत राहतात. जुना_कर्जविभाग यांनी विरोधी श्रोत्याविषयी जे लिहिले आहे ते मला इथे पटते; माझा क्रम मी एवढाच बदलेन की आजच्या खर्चाचा आकडा आणि जुन्या यंत्राचा अनुभव हे दोन्ही शिफारशीच्या आधी, पहिल्या दोन-तीन मिनिटांत येऊ द्यावेत.

त्या स्लाइडवर कोणाचा दोष होता याची चर्चा नको. त्या वेळी कोणती खात्री करून घेतलेली नव्हती आणि या वेळी ती कशी करून घेणार आहोत, एवढेच असावे. याला ठोस रूप देता येते. ऑर्डर देण्याआधी आपली स्वतःची वाळू पुरवठादाराच्या प्लांटवर चालवून घ्यावी आणि तिचा एलओआय आपल्या प्रयोगशाळेत मोजावा. परतीचे प्रमाण आणि एलओआयची मर्यादा हमीच्या स्वरूपात करारात लिहून घ्यावी. किमतीचा काही भाग प्लांट आपल्या आवारात ठरलेल्या क्षमतेने चालून दाखवेपर्यंत राखून ठेवावा. तोच प्लांट वापरणाऱ्या एखाद्या फौंड्रीला मंडळातील एखाद्या संचालकांनी स्वतः भेट द्यावी. अशा अटी लिहिलेल्या दिसल्या की साहेबांचा अनुभव प्रस्तावाच्या विरोधात उभा राहत नाही. त्यांच्या सावधगिरीला प्रस्तावातच जागा मिळते.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे साहेबांना हा प्रस्ताव बैठकीत पहिल्यांदा कळता कामा नये. सल्लागार संस्थांच्या यशस्वी सादरीकरणांचे बरेचसे काम सादरीकरणाच्या आधीच होते. निर्णयात ज्यांचा वाटा आहे अशा प्रत्येकाला आधी वेगळे भेटायचे, दोन पानांचा कच्चा मसुदा दाखवायचा आणि मंजुरी न मागता चुका विचारायच्या. उत्पादन प्रमुखांना भेटल्याशिवाय प्लांट चालवता येईल हे विधान करू नका. लेखापालांना गृहीतकांचा तक्ता आधी द्या, म्हणजे आकड्यांतील दुरुस्त्या खोलीच्या बाहेर होतील. साहेबांना मात्र कार्यालयात भेटण्यापेक्षा शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी, भेटा. दोन्ही वाळूंचे नमुने आणि त्यांतून निघालेले कास्टिंग त्यांच्या हातात द्या आणि त्यांना काय वाटते ते शांतपणे ऐका. त्यांनी काढलेली शंका पुढे बैठकीत त्यांच्याच शब्दांत मांडून तिचे उत्तर दिले, तर प्रस्तावात त्यांचाही विचार आहे हे सर्वांना दिसते.

भाषेबाबत माझे मत स्पष्ट आहे : बैठक मराठीत असेल तर शीर्षकेही मराठीतच असावीत. विधान ज्या भाषेत तपासले जाणार आहे, त्याच भाषेत ते लिहिले गेले पाहिजे. एलओआय, कोअर, रिजेक्शन हे रोजचे शब्द तसेच ठेवा. त्यांना अवघड पर्याय शोधू नका. रकमा लाख-कोटींत लिहा. मराठी मजकूर युनिकोड फाँटमध्येच टंकावा, कारण जुन्या पद्धतीच्या फाँटमधील अक्षरे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतात. आणि काहीही असले तरी पीडीएफची एक प्रत सोबत ठेवावी.

सांगली_उत्पादन

मी दोन कारखान्यांत उत्पादन प्रमुख होतो आणि आता अशा बैठकांत ऐकणाऱ्यांच्या बाजूला असतो. प्रत्यक्ष बोलण्याविषयी थोडे लिहितो, कारण उत्तम बांधलेली सादरीकरणेही या टप्प्यावर कोसळताना पाहिली आहेत.

वीस मिनिटे मिळाली म्हणजे बारा मिनिटांचेच बोलणे तयार करावे. उरलेला वेळ प्रश्नांचा आहे आणि निर्णय त्या प्रश्नोत्तरांतच होतो. प्रत्येक स्लाइडवर आल्यावर आधी शीर्षकाचे विधान स्वतःच्या शब्दांत सांगावे, मग आलेख असेल तर आडव्या आणि उभ्या अक्षावर काय आहे ते सांगावे, आणि त्यानंतरच पुराव्याकडे बोट दाखवावे. अक्षांची ओळख करून न देता आकडे बोलू लागलेल्या माणसाला श्रोते पहिली पंधरा-वीस सेकंद ऐकतच नाहीत, ते आलेख वाचत असतात.

थोरल्या माणसांनी मध्येच प्रश्न विचारला, तर ‘त्यावर पुढे येते आहे’ असे कधीही म्हणू नये. एका वाक्यात उत्तर द्यावे, सविस्तर स्लाइड कितव्या क्रमांकावर आहे ते सांगावे आणि त्यांना ती आताच पाहायची आहे का, असे विचारावे. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबले की थेट तिथे जाता येते. त्यासाठी परिशिष्टातील स्लाइडची क्रमांकासह यादी हाताशी छापलेली असावी. चर्चा रंगली आणि पडद्याकडे लक्ष नको असेल, तर कीबोर्डवरील बी हे अक्षर दाबले की पडदा काळा होतो. पुन्हा दाबले की स्लाइड परत येते.

छापील प्रत द्यावी का, यावर मतभेद आहेत. माझ्या मते द्यावी, पण ती पूर्ण सादरीकरणाची नसावी. शिफारस, तीन कारणे, पैशांचा सारांश आणि मागितलेला निर्णय एवढेच असलेली दोन पाने असावीत. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकून सलग गद्यातील टिपणे आणली, जी सगळे जण सुरुवातीला शांतपणे वाचतात. आपल्याकडे इतके करण्याची गरज नाही, मात्र त्यामागचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे : सलग वाक्यांत लिहिताना दोन मुद्द्यांमधला तुटलेला दुवा लपवता येत नाही. ती दोन पाने लिहिताना जिथे आपले वाक्य अडेल, तिथेच बैठकीत प्रश्न येईल. शिवाय आयत्या वेळी वीसऐवजी पाचच मिनिटे मिळाली, जे अनेकदा घडते, तर त्या दोन पानांवरून पूर्ण प्रस्ताव मांडता येतो.

आकडा माहीत नसेल तर तो अंदाजाने सांगू नये. ‘तपासून उद्या संध्याकाळपर्यंत कळवते’ असे म्हणावे, समोरच लिहून घ्यावे आणि खरोखर कळवावे.

शेवटच्या स्लाइडवर ‘धन्यवाद’ हा शब्द आणि फुलांचे चित्र ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. चर्चा चालू असताना दहा मिनिटे पडद्यावर तेच राहते आणि सर्वांत मोलाची जागा वाया जाते. त्याऐवजी मागितलेले निर्णय तिथे असू द्या : चाचणीला परवानगी, तिचा खर्च, जबाबदार व्यक्ती, अहवाल कोणत्या तारखेला येणार, आणि तो ठरलेल्या मर्यादेत आला तर खरेदीचा ठराव कोणत्या बैठकीत येणार. मंडळाने पूर्ण रक्कम त्या दिवशी मंजूर केली नाही, तरी चाचणीची परवानगी हा वेगळा, लहान निर्णय त्यांच्यासमोर असतो, आणि तो घेऊनच बैठक उठण्याची शक्यता बरीच वाढते.